शेणामातीवर उभं राहिलेलं गाव

दूधधंद्यातल्या माणसाला ‘एचएफ’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. काळ्या-पांढऱ्या बांड्या अंगाची, भरपूर दूध देणारी आणि आपल्या उन्हाळ्यात जिला फार जपावं लागतं ती थोराड गाय. एचएफचं पूर्ण नाव होल्स्टीन फ्रिजियन. यातलं ‘फ्रिजियन’ म्हणजे फ्रीसलँडची. फ्रीसलँड हा नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावरचा एक प्रांत. आपल्या संगमनेर-फलटणकडच्या गोठ्यांत ज्या प्रदेशाचं नाव रोज घेतलं जातं, त्या प्रदेशातल्या एका चिमुकल्या गावाची ही गोष्ट. ती सांगावीशी वाटते, कारण हे गाव गाईगुरांच्या शेणावर उभं आहे. हे बोलण्यापुरतं नाही, खरोखरच तसं आहे.

गावाचं नाव हेगेबाइंटम. ‘हेगे’ म्हणजे उंच. शेवटचा ‘उम’ हा ‘हाइम’चा झिजलेला अवशेष, म्हणजे घर, वस्ती. ‘उम’वर संपणारी गावं या भागात पावलोपावली भेटतात: मारम, वायनाल्डम, डोक्कम. प्रांताची राजधानी लीवार्डन. तिथून उत्तरेला समुद्राच्या दिशेने निघालं की जमीन ताटासारखी सपाट. कुरणं, बटाट्याची शेतं, फूटपट्टीने आखल्यासारखे पाण्याचे चर. मग दूरवर मध्येच एक उंचवटा दिसतो, त्यावर एक जुनं चर्च आणि मोजकी घरं. वस्ती शंभराच्या आत.

हा उंचवटा ८.८० मीटरचा आहे. ही उंची ॲमस्टरडॅमच्या प्रमाण पातळीपासून मोजतात, म्हणजे ढोबळमानाने समुद्राच्या सरासरी पातळीपासून. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला नऊ मीटरचं काय एवढं, असं वाटेल. पण त्या देशातल्या माणसांनी राहण्यासाठी घडवलेल्या टेकाडांमध्ये हे सर्वांत उंच आहे. कुणा राजाने हुकूम देऊन ते उभारलं नाही आणि एका पिढीने ते पुरंही केलं नाही. हजार-दीड हजार वर्षं माणसं इथे राहिली आणि राहता राहता त्यांच्या पायाखालची जमीन वर येत गेली. अशा टेकाडाला ‘तेर्प’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ गाव. डचमधला ‘डोर्प’ आणि जर्मनमधला ‘डोर्फ’ हे त्याचेच भाऊ. त्या किनाऱ्यावर गाव म्हटलं की टेकाड आलंच, त्यामुळे गावाचाच शब्द टेकाडाला चिकटला.

तिथे राहायला गेलेच का?

हा पहिला प्रश्न. जिथे घरात समुद्र शिरतो तिथे शहाणा माणूस घर का बांधेल?

उत्तर गवतात आहे. या किनाऱ्यासमोरचा वाडन समुद्र उथळ. ओहोटीला त्याचा तळ मैलोन् मैल उघडा पडतो. दिवसातून दोनदा पाणी येतं आणि जाताना बारीक गाळ ठेवून जातं. थरावर थर चढून ती जमीन इतकी वर येते की रोजची भरती तिच्यावरून जात नाही. मग तिच्यावर खाऱ्या मातीत तग धरणारं गवत उगवतं. आपल्या कोकणातलं खाजण डोळ्यांसमोर आणा, फक्त तिवरांच्या जागी क्षितिजापर्यंत गवत. आतल्या बाजूला जमीन रेताड किंवा दलदलीची, गुरांना फारसं काही न देणारी. त्यामानाने हे समुद्राकाठचं कुरण म्हणजे गुराख्याचं स्वप्न. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास माणसं आपली गुरं घेऊन या कुरणांवर उतरू लागली.

अडचण हिवाळ्याची होती. वायव्येचं वादळ आणि भरती एकाच वेळी आली की पाणी नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर चढायचं आणि सगळं कुरण समुद्र व्हायचं. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आधी घरापुरता ओटा घातला. त्यासाठी दगड नव्हता, कारण या भागात दगड मिळतच नाही. गवतासकट कापलेले मातीचे ठोकळे होते, चिकणमाती होती आणि शेण होतं.

शेणाचं गणित जरा थांबून पाहण्यासारखं आहे. या सगळ्या विषयात मला तेच सर्वांत सुंदर वाटतं. एरवी कुठल्याही शेतकऱ्याच्या दारचं शेण शेतात जातं. इथे शेताला त्याची गरज नव्हती, कारण दर हिवाळ्यात समुद्र येऊन ताजा गाळ पसरून जायचा. खत फुकट मिळत होतं. मग दारात साठणाऱ्या शेणाचं करायचं काय? थोडं वाळवून जाळायचं, कारण झाडंही नव्हती. उत्तर समुद्रातल्या काही सखल बेटांवर वाळलेल्या शेणाचं जळण विसाव्या शतकापर्यंत टिकून होतं. आपल्या गोवऱ्याच त्या. उरलेलं शेण मातीच्या ठोकळ्यांबरोबर ओट्यात जायचं. गुरं जितकी जास्त, तितकं शेण जास्त आणि घराचा ओटा तितका उंच. ज्या गुरांसाठी माणसं या धोक्याच्या जागी आली, त्याच गुरांनी त्यांना पाण्याच्या वर उचलून धरलं.

घरही मातीचंच. भिंती ठोकळ्यांच्या, नाहीतर कुडाच्या, वरून लिंपलेल्या. एक-दोन पिढ्यांत घर खचायचं. ते तिथेच सपाट करून त्यावर नवं घर उभं राहायचं. चुलीची राख, हाडं, फुटकी मडकी, पेंढा, जे टाकाऊ ते सगळं पायाखाली. शेजारशेजारचे ओटे वाढत वाढत एकमेकांना भिडले आणि गावाचं एक सलग टेकाड झालं, उपड्या परातीसारखं, कडेकडेने हलके उतरत गेलेलं. घरं गोलाकार मांडलेली, वाटा मधल्या जागेकडून बाहेर कुरणाकडे जाणाऱ्या. टेकाडावर पावसाचं पाणी साठवायला तळं खणलेलं, कारण भोवती पाणी अफाट असलं तरी पिण्याजोगं एक थेंब नाही.

मराठी वाचकाला हे समजायला खरं तर एक शब्द पुरेसा आहे: पांढरी. शेतीची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, ही जोडी आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आली आहे. राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून गावाखालची जमीन भुरकट आणि भुसभुशीत होते, थोडी वर येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला उत्खनन केलं ते अशाच पांढरीच्या टेकाडांवर. तेर्प म्हणजे समुद्राच्या धाकाने जाणूनबुजून वाढवलेली पांढरी.

शेतीही होत होती. खाऱ्या जमिनीत पीक कसं येईल, अशी शंका विद्वानांनाही होती. ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी बांधाबाहेरच्या खाजणात प्रत्यक्ष पेरून पाहिलं. उन्हाळ्यात भरतीचं पाणी चढलं नाही तर बार्ली, जवस, घेवड्याच्या जातीच्या शेंगा व्यवस्थित येतात असं दिसलं. म्हणजे उन्हाळ्यातली शेती हा जुगार होता, पण खेळण्यासारखा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी या किनाऱ्यावर येऊन गेला. त्याने फ्रिसियनांच्या, म्हणजे फ्रीसलँडच्या लोकांच्या, पूर्वेकडच्या खाउकी लोकांचं वर्णन केलं आहे. भरती आली की हे लोक जहाजावरच्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटी लागली की जहाज फुटलेल्या माणसांसारखे. हातांनी चिखल गोळा करून तो वाळवतात आणि त्यावर अन्न शिजवतात. प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी तेवढं. प्लिनीला त्यांची कीव आली. त्याच्या नजरेतून चुकलं ते एवढंच की तो गुरं मोजायला थांबला नाही. त्याने तर या लोकांकडे गुरं नाहीतच असं लिहून ठेवलं. जमिनीच्या पोटातला पुरावा नेमका उलट निघाला.

हा पुरावा सर्वांत ठसठशीत दिसला तो शेजारच्या ग्रोनिंगेन प्रांतातल्या एझिंगे गावात. आल्बर्ट व्हान गिफन या पुरातत्त्वज्ञाने १९२३ ते १९३४ या काळात तिथलं टेकाड थराथराने उलगडलं. शेणाच्या दाबलेल्या थरात हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड कुजत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विणलेल्या कुडाच्या भिंती त्यात उभ्याच्या उभ्या सापडल्या. घर लांबट, एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि बाकी सगळा गोठा. मधून वाट, दोन्ही बाजूंना गुरांच्या जागा, तोंडं भिंतीकडे. सकाळी शेण काढणाऱ्या बाईला मधल्या वाटेने सरळ जाता यावं अशी सोय. ज्याने गोठ्यात काम केलंय त्याला ती मांडणी बघताक्षणी कळते.

कातड्यांचा कर

हेगेबाइंटमच्या लोकांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. त्या काळाबद्दल जे कळतं ते रोमनांकडून, आणि तिथेही गुरंच मध्यभागी आहेत.

इसवी सनापूर्वी १२ मध्ये रोमन सेनापती ड्रूससने फ्रिसियनांना अंकित केलं आणि कर लावला तो बैलांच्या कातड्यांचा. देश गरीब, म्हणून कर बेताचा. कातडं केवढं असावं यावर कुणी काटेकोर नव्हतं. पुढे ओलेनियस नावाचा अधिकारी आला आणि त्याने रानबैलाच्या कातड्याचं माप ठरवलं. रानबैल म्हणजे युरोपातल्या जंगलांतलं ते प्रचंड जनावर. फ्रिसियनांची घरची गुरं मात्र चणीने लहान. माप भरेना. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की आधी त्यांनी गुरंच देऊन टाकली, मग जमिनी दिल्या, शेवटी बायका-मुलं गुलामीत द्यावी लागली. इसवी सन २८ मध्ये लोक उठले. कर गोळा करायला आलेल्या शिपायांना त्यांनी लटकवलं, ओलेनियस किल्ल्यात पळाला आणि मागून आलेल्या फौजेतले ९०० रोमन बाडुहेन्ना नावाच्या देवराईत मारले गेले. सारा वाढवून शेतकऱ्याला नागवण्याच्या गोष्टी आपल्यालाही नव्या नाहीत, म्हणूनच हा प्रसंग वाचताना परका वाटत नाही.

याच काळातली एक लाकडी पाटी १९१४ मध्ये फ्रीसलँडमधल्या टोल्सम इथल्या तेर्पमधून निघाली. तिच्यावर एके काळी मेण होतं आणि लेखणीचे ओरखडे खाली लाकडावर उमटले होते. बरीच वर्षं ती बैल विकल्याचा कागद म्हणून प्रसिद्ध होती. नव्या तंत्राने छायाचित्रं घेऊन २००९ मध्ये ती पुन्हा वाचली तेव्हा बैल नाहीसा झाला. ते निघालं इसवी सन २९ मधलं कर्जरोख्याचं दस्त. बंडाच्या दुसऱ्याच वर्षी या किनाऱ्याचा रोमन जगाशी पैशाचा व्यवहार चालू होता, हे त्या तळहाताएवढ्या लाकडाने दाखवलं.

मधलं रिकामं शतक

इथे एक गोष्ट अशी आहे की जी ऐकून फ्रिसियन माणूसही थोडा थबकतो. चौथ्या शतकात फ्रीसलँडमधली ही टेकाडं जवळजवळ ओस पडली. उत्खननात तिसऱ्या शतकापर्यंतच्या वस्तू मिळतात, पाचव्यापासून पुन्हा मिळू लागतात आणि मधल्या काळातलं जवळपास काहीच हाती लागत नाही. निचरा बिघडून जमीन पाणथळ झाली असावी आणि रोमन सरहद्दीवरच्या धामधुमीने उरलेलं केलं असावं, असं मानतात.

पाचव्या शतकात माणसं परत आली, पण ती तीच नव्हती. त्यांची मडकी, त्यांचे दागिने, त्यांची घरं पूर्वेकडच्या आणि डेन्मार्ककडच्या लोकांसारखी होती, म्हणजे जे लोक याच काळात समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये गेले त्यांच्या नात्यातली. फ्रिसियन भाषा इंग्रजीची इतकी सख्खी का, याचं उत्तर इथे सापडतं. ब्रेडला ‘ब्रेआ’, चीजला ‘त्सीस’. टॅसिटसने सांगितलेले फ्रिसियन आणि आजचे फ्रिसियन यांच्यात नाव एक आहे, रक्ताची सलग साखळी बहुधा नाही. जुन्या मुलखाचं नाव नव्या रहिवाशांना चिकटलं. रिकाम्या टेकाडावर ते चढले आणि पुन्हा शेणमाती घालायला लागले.

हे नवे लोक दर्यावर्दी व्यापारी निघाले. सहाव्या-सातव्या शतकांत उत्तर समुद्राकाठच्या व्यापारात त्यांचा दबदबा होता. त्यांची श्रीमंती बघायची तर हेगेबाइंटमच्या पश्चिमेला असलेल्या वायनाल्डमच्या तेर्पमधला साडीपिनेसारखा पण झग्यावर मिरवायचा भलामोठा सोन्याचा काटा बघावा. इसवी सन ६०० च्या आसपासचा, सोन्याच्या बारीक खणांत लाल तामडा, म्हणजे गार्नेट, बसवलेला. आज तो लीवार्डनच्या फ्रीस संग्रहालयात आहे. त्या काळातल्या युरोपीय दागिन्यांतल्या तामड्यांची रासायनिक तपासणी झाली आहे आणि त्यांतले पुष्कळसे खडे भारत आणि श्रीलंकेतून गेले होते असं दिसतं. चिखलातल्या त्या टेकाडांपर्यंत आपल्या बाजूचा माल पोचत होता, हे मला वाचल्यापासून विसरता येत नाही.

बांध आला आणि टेकाड थांबलं

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. फ्रँक राजांनी हा मुलूख जिंकला, ख्रिस्ती धर्म आला. तो सहज आला नाही. हेगेबाइंटमच्या पूर्वेला डोक्कमजवळ ५ जून ७५४ रोजी बोनिफेस या धर्मप्रसारकाला फ्रिसियनांनी ठार मारलं. मग बाराव्या शतकात टेकाडाच्या माथ्यावर चर्च उभं राहिलं. त्यासाठी दगड आला तो जर्मनीतल्या आयफेल डोंगरातून, ऱ्हाइन नदीतून होड्यांनी. नंतरचं काम विटांचं. भिंतीजवळ उभं राहिलं की दगड कुठे संपला आणि वीट कुठे सुरू झाली ते नजरेला कळतं. मध्ययुगात शेकडो वर्षं इथे सरंजामी राजा नव्हता, जमीनदार आणि गावं आपला कारभार आपणच बघत. या ‘फ्रिसियन स्वातंत्र्या’चा अभिमान आजही आहे. १४९८ मध्ये सॅक्सनीच्या ड्यूककडे सत्ता गेली आणि तो काळ संपला.

खरा बदल मात्र राजांनी नव्हे, बांधाने केला. इसवी सन १००० च्या सुमारास लोकांनी समुद्राच्या बाजूला मातीचे बांध घालायला सुरुवात केली. आधी छोटे, मग जोडत जोडत संपूर्ण किनाऱ्याला कुंपण. आता प्रत्येक गावाने स्वतःला उचलायची गरज राहिली नाही, सगळ्यांसाठी मिळून एक भिंत झाली. माणसं टेकाडावरून खाली उतरली, सपाटीवर शेतं-घरं झाली. दर हिवाळ्याचा गाळ बंद झाला, म्हणून शेताला आता शेण लागायला लागलं. टेकाडाची वाढ तिथेच थांबली.

बांधाची एक किंमत असते आणि ती हळूहळू वसूल होते. बांधाच्या आतली जमीन पाणी काढल्यामुळे दबत जाते आणि तिला नवा गाळ मिळत नाही. बाहेर मात्र समुद्र आपला थर चढवतच राहतो. त्यामुळे आज या किनाऱ्यावर बांधावर उभं राहिलं तर समुद्राकडचं कुरण उंच आणि माणसांची बाजू सखल, असं उलटं दृश्य दिसतं. बांध फुटला की म्हणूनच अनर्थ. १ नोव्हेंबर १५७० च्या वादळात फ्रीसलँडच्या किनाऱ्यावर फार माणसं गेली. १७१७ च्या नाताळच्या रात्री नेदरलँड्सपासून डेन्मार्कपर्यंत मिळून सुमारे १४,००० माणसं बुडाली. अशा वेळी ज्यांना धावता आलं ते जुन्या टेकाडांकडे धावले.

चर्चच्या आतली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. भिंतींवर १६ काळ्या लाकडी पाट्या टांगलेल्या आहेत. गावातल्या हार्स्टा स्टेट या वाड्यातलं कुणी वारलं की त्याच्या नावाची पाटी चर्चमध्ये लागायची: मधोमध घराण्याचं रंगीत चिन्ह, भोवती कोरीवकाम, मृत्यूची तारीख. सतराव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या पाट्या आहेत. १७९५ नंतर समतेच्या नव्या वाऱ्यात घराणेशाहीची चिन्हं चर्चमधून काढून फोडण्यात आली, त्यात अशा पाट्या इतरत्र बऱ्याच नष्ट झाल्या. इथल्या वाचल्या. ज्यांच्या पूर्वजांनी शेण टाकून ती टेकडी वाढवली त्या शेतकऱ्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही, हेही तिथे उभं राहिल्यावर जाणवल्याशिवाय राहत नाही.

गाव विकलं गेलं

एकोणिसाव्या शतकात कुणाच्या तरी लक्षात आलं की ही टेकाडं म्हणजे खताचे डोंगर आहेत. दीड हजार वर्षांचं शेण, हाडं, राख, शिंपले. म्हणजे फॉस्फेट आहे, चुना आहे, सगळं आहे. आतल्या भागात दलदल उपसून आणि रेताड माळ फोडून नवी शेती निघत होती, तिला अशा मातीची भूक होती. रासायनिक खतं अजून घरोघरी पोचलेली नव्हती. १८४० च्या दशकापासून तेर्प खणून विकण्याचा धंदा सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला.

पद्धत अशी. टेकाडाच्या पायथ्यापर्यंत एक कालवा खणायचा. कालव्यापासून कड्यापर्यंत छोटे रूळ टाकायचे. मजुरांनी फावड्याने माती पाडायची, डबे भरायचे, रुळांवरून ढकलत न्यायचे आणि सपाट बुडाच्या शिडाच्या होडीत ओतायचे. या होडीला स्कूत्श्ये म्हणतात. होडी भरली की ती कालव्याकालव्याने आत निघाली. उन्हाळ्यात फ्रीसलँडच्या तळ्यांवर स्कूत्श्यांच्या शर्यती होतात, काठावर माणसांची झुंबड उडते. त्या देखण्या शिडांखाली एके काळी गावंच्या गावं माती होऊन वाहून गेली.

हेगेबाइंटमची पाळी एकोणिसावं शतक संपताना आली आणि विसाव्याच्या सुरुवातीलाही खणणं चालू राहिलं. चर्चला आणि त्याच्याभोवतीच्या कबरस्तानाला हात लावला नाही, तेवढाच मधला भाग उभा राहिला. म्हणून आज ते टेकाड उपड्या परातीसारखं दिसत नाही. कड कापून काढलेल्या भाकरीसारखी त्याची बाजू एकदम तुटते. लोक बघतात आणि म्हणतात, केवढी उभी टेकडी! पण ती उभी चढण जुन्या माणसांनी केलेली नाही. ती फावड्यांची खूण आहे.

मला इथे कुणाला दोष देववत नाही. शेतकऱ्याला पैसा हवा होता, मजुराला काम हवं होतं. आपल्याकडेही पांढरीची माती शेतात टाकायला गाड्या भरभरून नेलेली आहे आणि तिच्याबरोबर मडकी, मणी, नाणी गेलेली आहेत. हळहळ मात्र वाटते. थराथरात लिहिलेली वही होती, ती न वाचता पानं फाडून विकली गेली.

अगदीच न वाचता नाही म्हणा. मजुरांच्या फावड्याला जे लागायचं त्यातलं काही लीवार्डनच्या संग्रहालयापर्यंत पोचायचं: शिंगाच्या फण्या, मडकी, हाडाच्या घसरपट्ट्या, ज्या पायांना बांधून हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून जायचं. १९०५ च्या सुमारास हेगेबाइंटमच्या मातीत थडगी लागू लागली, तेव्हा संग्रहालयाचे अभिरक्षक पीटर बूलेस यांनी धंद्याच्या फावड्यांच्या पुढे राहून जमेल तितकं टिपून घेतलं. ख्रिस्ती होण्याआधीचं कबरस्तान होतं ते. कुणाला जाळून अस्थी मडक्यात ठेवलेल्या, कुणाला पोखरलेल्या झाडाच्या खोडात निजवलेलं. माथ्यावर चर्चभोवती आजच्या गावकऱ्यांच्या कबरी आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला, थोडं खाली, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्यांच्या होत्या. १९१६ मध्ये तेर्पच्या अभ्यासासाठी खास संस्था निघाली. एझिंगेचं मोठं काम तिच्याच प्रयत्नांतून पुढे उभं राहिलं. उरलेली टेकाडं आता जपली जातात.

आजचं हेगेबाइंटम शांत आहे. पायथ्याशी तेर्पची माहिती देणारं केंद्र आहे, वर चर्च बघता येतं. २०१९ पासून गाव नोर्डेस्ट-फ्रिसलॉन या एकत्र केलेल्या मोठ्या पालिकेत आहे. गेलात तर चर्च पाहून लगेच परतू नका. कापलेल्या बाजूने खाली उतरा, सपाट कुरणात उभं राहून वर बघा. तुम्ही जिथे उभे असाल तिथेही एके काळी डोक्यावर कितीतरी उंच गाव होतं.

तिथून काही किलोमीटरवर मारम नावाचं गाव आहे. त्याच्या समोर, बांधाच्या बाहेरच्या कुरणात, २००६ च्या शरद ऋतूत घोडे चरायला सोडलेले होते. ३१ ऑक्टोबरच्या रात्री वायव्येचं वादळ आलं आणि कुरण पाण्याखाली गेलं. काही घोडे बुडून मेले. बाकीचे शंभराहून जास्त घोडे जवळच्या एका छोट्या उंचवट्यावर चढून एकमेकांना चिकटून उभे राहिले, चहूबाजूंना पाणी. थंडीत, वाऱ्यात, दिवसामागून दिवस. बांधावर लोक जमले, टीव्हीवर सगळा देश बघत होता. होड्यांनी सगळ्यांना काढता येईना. ३ नोव्हेंबरला काही बाया आपापल्या घोड्यांवर बसून पाण्यात उतरल्या, त्या उंचवट्यापर्यंत गेल्या आणि तिथून माघारी वळल्या. कळपाने क्षणभर वाट पाहिली. मग एक घोडा त्यांच्यामागे पाण्यात शिरला, त्याच्यामागे दुसरा, आणि ती लांबलचक रांग पाणी तुडवत, मध्येच पोहत, बांधाकडे यायला लागली.